पालकत्वशैली, मुलांचे वजन व शारीरिक हालचाल (ग्रामीण विदर्भ)

पालकत्वशैली : मूल वाढवताना घरात शिस्तीचा आग्रह किती असतो आणि मुलाच्या मनाला प्रतिसाद किती मिळतो, यांवरून ठरणारी वागणुकीची एकंदर रीत. जेवणापुरती जी रीत असते ती भरवण्याची शैली. ती वेगळी मोजतात. या दोहोंचा मुलाच्या वजनाशी व खेळण्या-पळण्याशी असलेला संबंध बालपोषणशास्त्रात गेल्या काही दशकांत अभ्यासला जाऊ लागला. पुरावा बहुतांशी अमेरिका व युरोपातला आहे. ग्रामीण विदर्भात तो वापरताना दोन गोष्टी विसरून चालत नाहीत : येथे लेकराचे वाळणे ही अजूनही पहिली चिंता आहे, आणि भरवणारा हात पुष्कळदा आजीचा किंवा थोरल्या बहिणीचा असतो.

वर्गीकरणाचा उगम : हुकमी (शिस्त जास्त, प्रतिसाद कमी), अधिकारयुक्त (शिस्तही, प्रतिसादही), मोकळी (प्रतिसाद जास्त, शिस्त कमी) व अलिप्त (दोन्ही कमी) असे चार प्रकार सरसकट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांच्या नावावर सांगितले जातात. ते अर्धेच खरे आहे. बॉमरिंड यांनी १९६६ च्या लेखात पहिले तीनच प्रकार मांडले. बर्कली येथील बालकांच्या व पालकांच्या निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे निबंध १९६७ व १९७१ चे आहेत, त्यामुळे आरंभाचे वर्ष निरनिराळे दिले जाते. कल्पना १९६६ ची आणि पुरावा १९६७ पासूनचा, असे धरणे अधिक सयुक्तिक. चौथा प्रकार व अपेक्षा-प्रतिसाद या दोन अक्षांची चौकट एलिनॉर मॅकोबी व जॉन मार्टिन यांनी १९८३ मध्ये रूढ केली.

हे अक्षही अगदी नवे नव्हते. पर्सिव्हल सायमंड्स यांनी १९३९ मध्ये स्वीकार-नकार व वर्चस्व-शरणता अशा जोड्या मांडल्या होत्या. अर्ल शेफर यांच्या १९५९ च्या प्रारूपात प्रेम-वैर आणि स्वायत्तता-नियंत्रण हे अक्ष दिसतात. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांचा मुलांच्या गटांवरील १९३९ चा प्रयोगही मूळ म्हणून दाखवला जातो, कारण त्यात हुकूमशाही, लोकशाही व मोकाट असे नेतृत्वाचे तीन नमुने होते. साम्य उघड आहे. परंतु बॉमरिंड यांच्या मधल्या, म्हणजे अधिकारयुक्त, प्रकारात पालकाचा शब्द अखेर चालतोच. लेविन यांच्या लोकशाही नेत्यापेक्षा तो वेगळा पडतो. म्हणून अक्षांची परंपरा शेफर यांच्याकडून घेणे बरे. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी घरांच्या आधारे घेतलेला आक्षेप विदर्भासाठी विशेष मोलाचा : कडक धाक म्हणजे मायेचा अभाव, हे समीकरण सगळीकडे लागू होत नाही. वऱ्हाडातल्या घरात 'पोट्ट्या, गुमान जेव' म्हणून डोळे वटारणारी आजीच रात्री त्याला कुशीत घेऊन झोपते. पालकत्वशैली मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या कोणत्या चौकटीत तिला बसवायचे?

वजनाशी संबंध : काइंग री व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील ८७२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेचार वर्षांच्या सुमारास ज्यांच्या आया हुकमी आढळल्या, त्या मुलांत पहिलीच्या वर्गापर्यंत जादा वजनाची शक्यता अधिकारयुक्त घरांतील मुलांच्या जवळजवळ पाचपट होती. मोकळ्या व अलिप्त घरांत ती साधारण दुप्पट होती. लीअन बर्च यांच्या गटाने दाखवले, की एखादा खाऊ डोळ्यांसमोर असूनही त्याला बंदी केली, की मुलाचे चित्त त्याच्यावरच खिळते. उलट दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. रॉटरडॅम येथील जन्मसमूहात (जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या गटात) मुलाच्या वजनावरून पालकांची पुढची वागणूक ओळखता आली : बारीक मुलाला आग्रह, जाड मुलाला मनाई. शैलीला कारण ठरवणाऱ्या मांडणीपेक्षा हे परस्परावलंबी स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. 'खात नाही म्हणून मागे लागते' असे सांगणाऱ्या आईला दोष देणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) नुसार पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली (वयाच्या मानाने बुटकी), २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ४.१ टक्के जादा वजनाची होती. शेवटचा आकडा आधीच्या फेरीत १.९ होता. हे राज्याचे आकडे आहेत. धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटातील कोरकू पाडे आणि अमरावतीलगतची सधन गावे एका सरासरीत मावत नाहीत. शिवाय पुण्यातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात, भारतीय बाळ जन्मतः हलके असूनही त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते असे आढळले. नुसत्या वजनकाट्यावरून घरातल्या भरवण्याची परीक्षा करू नये, याला हे भक्कम कारण आहे.

शेतीचे वेळापत्रक : पावसाळ्यात निंदण, पुढे सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची रोवणी, उन्हाळ्याच्या तोंडी पहाटेची मोहफुले व नंतर तेंदूपाने. या दिवसांत माय वावरात किंवा जंगलात असते. लहानग्याचे जेवण म्हाताऱ्यांकडे, अंगणवाडीत, नाहीतर दुकानातल्या पाच रुपयांच्या पुड्यावर भागते. बाहेरून हे अलिप्त पालकत्व दिसेल. प्रत्यक्षात ती मजुरीची निकड आहे, आणि संध्याकाळी परतलेली माय आधी लेकरालाच शोधते. पुडा हातात देणे हाही पुष्कळदा दिवसभराच्या ताटातुटीची भरपाई करण्याचा तिचा मार्ग असतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना (१९७५) व तिच्या अंगणवाड्या हा यातला मोठा आधार. तीव्र कुपोषित मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्रे चालवली जातात.

हालचाल : जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. येथे शैलीचा संबंध वजनाइतका सरळ नाही. ब्रिस्टल येथील १०-११ वर्षांच्या मुलांत मोकळ्या आयांची मुले अधिक हालचाल करताना आढळली, आणि त्यांचे दूरचित्रवाणी पाहणेही जास्त होते. गावात आट्यापाट्या, लगोरी, विटी-दांडू यांना परवानगी लागत नाही. मुलींना मात्र पाणी, भांडी व धाकट्या भावंडाची राखण पडते. त्यांचे अंग हलते, पण खेळणे राहून जाते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांजवळ गेला, की दुपारी मुलांना घरात कोंडणे हा शहाणपणाच असतो. ती वेळ आता मोबाईल घेतो.

प्रतिसादी भरवणे : मुलाच्या भुकेच्या खुणा ओळखणे, घाई व जबरदस्ती टाळणे, भरवताना बोलत राहणे, जागतिक आरोग्य संघटनेच्या पूरक आहारविषयक मार्गदर्शनात (२००३) याचा समावेश आहे. शहनाझ वझीर व सहकाऱ्यांनी त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील नलगोंडा जिल्ह्यात गावागावांतून चाचणी घेतली (प्रसिद्धी २०१३). काळजीवाहकांना घरी जाऊन शिकवल्यावर बालकांचा आहार सुधारला आणि प्रतिसादी भरवणे व खेळ यांची जोड मिळालेल्या गटात मानसिक विकासाचे गुण वाढले. कोरडवाहू शेती आणि मजुरीवर जाणाऱ्या आया या बाबतींत ही गावे यवतमाळ-चंद्रपूरला जवळची आहेत. अशा शिकवणुकीत आजीला प्रथम बसवावे, कारण दुपारचे ताट तिच्या हाती असते.