ग्रीसमधील लोकसंगीत व लोकनृत्याचे ग्रामीण संशोधन

ग्रीसच्या खेड्यांत आणि बेटांवर हिंडून तेथील गाणी, वाद्ये व नाच मूळ जागी पाहणे, ध्वनिमुद्रित करणे आणि शिकणे, ही परंपरा साधारण दीडशे वर्षांची आहे. संग्रह त्याआधीही निघाले होते. क्लोद फोरिएल या फ्रेंच अभ्यासकाने १८२४-२५ मध्ये पॅरिसला ग्रीक लोकगीतांचे दोन खंड छापले. मात्र तो स्वतः ग्रीसला कधी गेला नाही, आणि खंडांत शब्द आले तरी चाली आल्या नाहीत. त्या टिपायला संगीतकार बुर्गो-द्युकुद्रे १८७५ मध्ये ग्रीस व आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) फिरला. परतल्यावर त्याने तीस गीते पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली. फ्रेंच भाषाभ्यासक युबेर पेर्नोने १८९८-९९ मध्ये खिओस बेटावर फोनोग्राफच नेला. त्याने आणलेल्या चालींवर पुढे फ्रेंच संगीतकार मोरिस रावेलने साज चढवला.

विसाव्या शतकात दोन वाटा दिसतात. मेल्पो मेर्लिए यांनी १९३०-३१ मध्ये ठिकठिकाणच्या गायक-वादकांना अथेन्समध्ये गाऊन-वाजवून घेऊन तबकड्या काढल्या, तर स्विस अभ्यासक सॅम्युएल बो-बोवी याच सुमारास डोडेकनीझ बेटांवर स्वतः फिरत होता. ग्रीक लोकसंगीताचे अभ्यासक सिमॉन कारास यांच्या शिष्या डोम्ना सामिऊ (१९२८–२०१२) यांनी ही दुसरी वाट धरली. साठच्या दशकापासून टेपरेकॉर्डर घेऊन त्या गावोगाव गेल्या आणि १९७६-७७ मध्ये त्यांच्या भटकंतीची मालिका ग्रीक दूरचित्रवाणीवर झळकली.

गावात जायचे ते ‘पानिगिरी’च्या वेळी, म्हणजे गावच्या संताच्या जत्रेला. १५ ऑगस्टचा मेरीमातेचा सण त्यांत सर्वांत मोठा. एरवी दुपारी घरी बसवून गाऊन घेतलेले गाणे आणि रात्री चौकात नाचासाठी वाजलेले तेच गाणे यांत फार अंतर असते, कारण चौकात लय नाचणारा ठरवतो. नाच बहुधा अर्धवट उघड्या वर्तुळात उजवीकडे सरकतो. कालामात्यानोस या नाचाची सात मात्रांची चाल तीन-दोन-दोन अशी पडते; त्सामिकोस या नाचात पुढचा नर्तक शेजाऱ्याच्या हातातला रुमाल घट्ट धरून उड्या घेतो आणि क्लॅरिनेटवाला त्याच्या पायांवर नजर ठेवून सूर लांबवतो किंवा तोडतो. पुढे येणारा आपल्या पसंतीचे गाणे सांगतो, नोटा वादकांवर टाकतो, कधी त्यांच्या कपाळाला चिकटवतो. तमाशातल्या दौलतजादेची आठवण व्हावी असा हा व्यवहार. नवख्याने मात्र वर्तुळाच्या शेपटाला लागावे. पुढचे टोक मानाचे असते.

प्रांत बदलला की सारेच बदलते. वायव्येकडच्या एपिरसमध्ये पाच स्वरांची चाल, क्लॅरिनेट आणि मृतांसाठीचे विलापगीत ‘मिरोलोई’; तिथल्या काही गावांत वाद्यांशिवाय बहुस्वरी गायनही आहे, ज्यात एक जण गाणे उचलतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि उरलेले आधारस्वर धरून राहतात. कार्पाथोस बेटावरच्या ओलिंबोस गावात लिरा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य), लाऊतो (लांब मानेचे तंतुवाद्य) आणि ‘त्साम्बुना’ ही बकऱ्याच्या कातड्याची बॅगपाइप एकत्र वाजतात. पुरुष टेबलाभोवती बसून पंधरा अक्षरी यमकबद्ध द्विपदी तिथल्या तिथे रचतात. कुणाला जन्मलेले नातवंड, कुणाचा परदेशी गेलेला मुलगा, असे विषय आले की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. नाच त्यानंतर बऱ्याच वेळाने सुरू होतो, त्यामुळे लवकर झोपणाऱ्या संशोधकाचे इथे काम नाही.

ग्रीसच्या मॅसिडोनिया प्रांतात आणखी वेगळा पेच आहे. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत आशिया मायनर, पाँटस (काळ्या समुद्राचा किनारा) व पूर्व थ्रेसमधून आलेले निर्वासित तिथे वसले, म्हणून शेजारशेजारच्या घरांतही पाँटसची लिरा आणि थ्रेसची ‘गाइदा’ ही बॅगपाइप ऐकू येते. ‘या गावचे संगीत कोणते’ हा प्रश्नच मग अपुरा पडतो.

गोळा केलेले नाच पुढे रंगमंचावर गेले. डोरा स्ट्राटू यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेला लोकनृत्यसंच १९६५ पासून अथेन्सच्या फिलोपापू टेकडीवरील खुल्या नाट्यगृहात प्रयोग करतो. गावांतून मिळवलेले अस्सल पोशाख ही त्याची खरी श्रीमंती. पण मंचावर नाच थोड्या मिनिटांत उरकतो आणि नर्तकांना प्रेक्षकांकडे तोंड करावे लागते. गावच्या चौकात पाठ कुणाकडे आहे याची फिकीर कुणाला नसते. युनेस्कोने २०२० मध्ये एपिरसच्या बहुस्वरी गायनाच्या जतनकार्याची चांगल्या उपक्रमांत नोंद केली आणि २०२२ मध्ये व्लास्ती व सिराको या डोंगराळ गावांतील १५ ऑगस्टचे उत्सव अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.