एफसी ते ओपन इलेक्टिव्ह: सगळ्यांसाठीचा विषय शिकवायचा कोणी?

मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जा, ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) हे शब्द सारखे कानावर पडतात, म्हणजे शाखा कुठलीही असो, सगळ्या मुलांनी घ्यायचे विषय, आणि टाइमटेबल लागलं की पहिला वाद यांच्यावरूनच होतो. पण हे सगळं नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आणलं असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही, कारण गोष्ट खूप जुनी आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 ला लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या आणि शिकवायचं मात्र कॉलेजांनी. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आले, पण पदवीचं बहुतेक शिकवणं आजही कॉलेजांकडेच आहे आणि सिलॅबस ठरतो विद्यापीठात. सगळ्यांसाठीच्या विषयाला याचाच फटका सगळ्यात जास्त बसतो.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये विद्यापीठ शिक्षणासाठी राधाकृष्णन आयोग नेमला गेला. 1949 च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं की आपली मुलं फार लवकर एकाच विषयात अडकतात, सायन्सवाल्याला समाज कळत नाही आणि आर्ट्सवाल्याला विज्ञान, त्यामुळे जनरल एज्युकेशन लवकरात लवकर सुरू करा. मुंबईत याच विचाराचं रूप म्हणजे आपला फाउंडेशन कोर्स, एफसी! पहिल्या वर्षाला भारतीय समाज, विषमता, संविधान, राजकीय प्रक्रिया आणि दुसऱ्या वर्षाला मानवी हक्क, पर्यावरण, विज्ञान-तंत्रज्ञान वगैरे.

पर्यावरणाचं तर कोर्टातून आलं. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण हा सक्तीचा विषय करा असं सांगितलं, तरी हालचाल होईना, शेवटी 2003 मध्ये कोर्टाने पुन्हा बजावलं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सहा महिन्यांचा कोर्स केला आणि पुण्याच्या एरच भरुचांनी त्यासाठी लिहिलेलं पुस्तक देशभर गेलं.

आता हे शिकवायचं कोणी? मी काही वर्षं एफसी घेतली, सकाळी सातचं लेक्चर, 120 मुलांची डिव्हिजन. मला एफसी का मिळाली तर माझ्या विषयाचा वर्कलोड, म्हणजे शिकवायचे ठरलेले तास, आठवड्याला 16 भरत नव्हते म्हणून, बाकी काही कारण नाही. माझ्या आधी जे सर घ्यायचे त्यांचंही तेच. बोर्ड ऑफ स्टडीज, मग फॅकल्टी, मग अकॅडेमिक कौन्सिल असा विद्यापीठातल्या मंडळांमधून सिलॅबसचा प्रवास व्यवस्थित व्हायचा, पण शिकवणाऱ्याची तयारी कोण करून घेणार हे त्यात कुठेच नसायचं.

एकदा आपत्ती व्यवस्थापनाचं लेक्चर होतं. मी 26 जुलै 2005 चा विषय काढला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस वगैरे आकडे सांगितले, तर कुर्ल्याची एक मुलगी उठून उभी राहिली आणि आईने तिला पोटमाळ्यावर कसं चढवलं, सकाळी खालचं सगळं धान्य कसं भिजलेलं होतं ते सांगत बसली. मागच्या बाकावरची पोरं पण गप्प ऐकत होती. मिठी नदी तिथून किती लांब आहे हे मग त्यांनीच फळ्यावर काढलं. एफसी अशी शिकवायची असते हे मला त्या दिवशी कळलं, तोपर्यंत मी गाइडमधले मुद्देच लिहून देत होते.

पुढे 29 जुलै 2020 ला राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, डिसेंबर 2022 मध्ये यूजीसीने तीन वर्षांना 120 आणि चार वर्षांना 160 क्रेडिटची चौकट दिली, राज्याचा जीआर 2023 मध्ये निघाला. एफसीच्या जागी आता विषयांच्या वेगवेगळ्या टोपल्या आल्यात, ओपन इलेक्टिव्ह आपल्या फॅकल्टीच्या, म्हणजे शाखेच्या, बाहेरचं घ्यायचं, शिवाय मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली. कल्पना म्हणून मला हे मनापासून पटतं, कॉमर्सच्या मुलाला इतिहास शिकायला मिळतोय ही छोटी गोष्ट नाही. पण क्रेडिटला 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या कोर्सला 30 तास, त्यात गणपती आणि परीक्षा वजा करा. आणि माझ्या कॉलेजात तरी प्रत्येक विभाग ओई मागतो तो स्वतःचा वर्कलोड वाचवायला. एफसीचं नाव वर्कलोडच्या तक्त्यात शेवटी भरायचे, ओईचं आजही तिथेच भरतात.