फासा परत पाठवण्यापूर्वी
(संभाव्यता-पेटी घेतलेल्या शाळांसाठी माहितीपत्रक)

सांगलीतील आमच्या दुकानातून दहावीसाठी संभाव्यता-पेटी (संभाव्यता शिकवण्यासाठीचे फासे व पट असलेली पेटी) नेलेल्या शाळांकडून दरवर्षी एकच तक्रार येते : "फासा सदोष आहे, सहा पडतच नाही." मागच्या वर्षी अशाच एका फाशासोबत वहीचे पान आले होते, त्यावर तीस फेकींच्या ताळ्याच्या खुणा होत्या आणि सहासमोर दोनच रेघा. तोच फासा आम्ही दुकानात बसून 600 वेळा टाकला, तेव्हा सहा 97 वेळा आला.

सहा पडण्याची संभाव्यता 1/6 असली, तरी दर सहा फेकींत एकदा सहा येईलच असा त्याचा अर्थ होत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने पंधरा वेळा फासा टाकला, तर दोन-तीन मुलांना एकदाही सहा न मिळणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र वर्गाच्या सर्व 600 फेकी फळ्यावर एकत्र मांडल्या की प्रत्येक अंक शंभराच्या आसपास आलेला दिसतो. त्यामुळे एकट्या शिक्षकांनी टेबलावर चार-दोनदा फासा टाकून सूत्राकडे वळू नये, आणि ज्याला सहा मिळालाच नाही त्या मुलाचा तक्ताही बाजूला ठेवू नये.

फासा बदलून देताना आम्ही 600 फेकींची नोंद मागतो, ती काहींना अडवणूक वाटते. परंतु एका तासिकेत होणारे ते काम आहे. त्यात कोणताही अंक 70 पेक्षा कमी किंवा 130 पेक्षा जास्त वेळा आला, तर फासा विनामूल्य बदलून मिळेल.

पेटीतील बैलगाडी शर्यतीच्या पटावर दोन फाशांच्या बेरजेइतक्या क्रमांकाचा गाडा एक घर पुढे सरकतो. दोन फाशांची बेरीज 1 कधीच येत नसली, तरी पटावरील 1 क्रमांकाचा गाडा ही छपाईची चूक नाही. तो हौसेने निवडणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो, आणि अशक्य घटना त्याला वेगळी समजवावी लागत नाही. सातचा गाडा बहुधा पुढे का राहतो, हे मात्र मुलांना 36 जोड्या स्वतः लिहू देऊनच शोधू द्यावे.

येथे फासे दोन रंगांचे असावेत. एकाच रंगाचे असले की मुले (2, 5) आणि (5, 2) एकच धरतात व नमुना अवकाशात (सर्व शक्य निष्पत्तींच्या यादीत) 36 ऐवजी 21 घटक लिहितात. पेटीत पाच लाल व पाच पांढरे फासे आहेत. मोठ्या वर्गासाठी दोन्ही रंगांचे सुटे फासे डझनावर मिळतात.