सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी

१ मे १९३३ रोजी जर्मन कामगारांना भरपगारी सुट्टी मिळाली, तीही हिटलरच्या सरकारकडून. दुसऱ्या दिवशी सकाळी नाझींच्या तुकड्या देशभरातल्या कामगार संघटनांच्या कार्यालयांत घुसल्या. पुढाऱ्यांना पकडलं, संघटनांचे पैसे जप्त केले. १० मे रोजी सरकारी 'जर्मन श्रमिक आघाडी' उभी राहिली. पुढे तिच्यात मालक आणि कामगार दोघेही आले, पण संपाचा हक्क काही आला नाही.

हुकूमशाहीला कारखाने बंद पडलेले परवडत नाहीत, त्यामुळे नुसत्या बंदीने तिचं भागत नाही. खरी संघटना मोडायची आणि तिच्या जागी आपली बसवायची, हा मार्ग इटलीत मुसोलिनीनेही धरला आणि स्पेनमध्ये फ्रँकोनेही. सोव्हिएत संघात तर जून १९४० च्या हुकुमानंतर परवानगीशिवाय नोकरी सोडणं हाच गुन्हा ठरला. वीस मिनिटांहून जास्त उशीर म्हणजे गैरहजेरी, आणि गैरहजेरीची शिक्षा म्हणजे सहा महिन्यांपर्यंत पगारात कपात.

यात सरकारचंही एक मोठं नुकसान होतं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संघटना हा कामगाराचा आवाज असतो, तसाच तो सत्तेचा कानही असतो. महागाई कुठे असह्य झाली, कुठल्या खात्यात लोक धुमसताहेत, हे वाटाघाटींतून वेळेवर कळतं. सरकारी संघटनेतून वर जातं ते फक्त 'सगळं ठीक आहे'. शिवाय पगार आणि भाव दोन्ही सरकारच ठरवत असेल, तर पगाराचं भांडण थेट सरकारशीच होतं. १९६२ च्या जूनमध्ये सोव्हिएत सरकारने मांस-लोण्याचे भाव वाढवले. नोव्होचेर्कास्कच्या रेल्वे इंजिन कारखान्यात कामाचे दरही आधीच घटवले होते. कामगार रस्त्यावर आले. २ जूनला गोळीबार झाला, २६ माणसं मेली, आणि ही बातमी अनेक वर्षं दाबून ठेवली गेली.

पोलंडमध्येही १९८० च्या उन्हाळ्यात ठिणगी मांसाच्या भावाचीच होती. ऑगस्टमध्ये ग्दान्स्क शहरातल्या 'लेनिन' या जहाजबांधणी गोदीने अन्ना वालेंतिनोविच या क्रेनचालक बाईंना कामावरून काढलं. निवृत्तीला पाचच महिने उरले होते. १४ तारखेला गोदी थांबली. संपकऱ्यांनी प्लायवूडच्या दोन फळ्यांवर एकवीस मागण्या लिहून त्या दारावर टांगल्या. पगारवाढीची मागणी त्यात आठवी होती. पहिली होती सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र असलेल्या संघटनेची.