हायवे १ आणि हायवे १०१: किनाऱ्याचा रस्ता नेमका कोणता?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. लॉस एंजेलिसहून भाड्याची मोटरहोम, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन आम्ही दोघं उत्तरेकडे निघालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी किंग सिटी नावाचं गाव लागलं तेव्हा गाडी चालवता चालवता नवरा म्हणाला, "अगं, समुद्र कुठे गेला?" डावीकडे डोंगर, उजवीकडे डोंगर आणि मधे नजर पोचेल तिथपर्यंत लेट्यूसची शेतं. गाडी भाड्याने देणाऱ्याने सांगितलं होतं, "१०१ धरा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर जात राहा." आम्ही तसंच केलं होतं.

त्याचं म्हणणं ऑरेगॉनमध्ये शंभर टक्के खरं ठरलं असतं. कॅलिफोर्नियात मात्र त्याच वाक्याने आमचा अख्खा दिवस गेला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला मोटरहोमने जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याची १ आणि १०१ यांच्यात एकदा तरी गल्लत होते. म्हणून हे दोन्ही रस्ते सविस्तर उलगडून सांगते.

आधी पाट्या बघू. १०१ हा संघराज्याच्या क्रमांकपद्धतीतला रस्ता, यूएस रूट. त्याची पाटी पांढऱ्या ढालीच्या आकाराची आणि तिच्यावर काळे आकडे. हायवे १ हा कॅलिफोर्निया राज्याचा रस्ता. त्याची पाटी हिरवी, आकडा पांढरा आणि आकार फावड्याच्या पात्यासारखा. सोन्याच्या शोधात १८४९ साली इथे आलेल्या खाणकामगारांची ती आठवण. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की नकाशा न उघडताही आपण कुठल्या रस्त्यावर आहोत ते कळतं. १०१ वर आणखी एक खूण आहे: वाकड्या काठीसारख्या खांबाला टांगलेली घंटा. स्पॅनिश मिशनऱ्यांच्या जुन्या 'एल कामिनो रिआल' मार्गाची ही खूण. किंग सिटीच्या आधी आम्हाला अशा बऱ्याच घंटा दिसल्या. त्या बघून मला छान वाटत होतं, पण मिशनऱ्यांचा हा मार्ग दऱ्याखोऱ्यांतून जाणारा आहे, समुद्रकाठचा नाही, हे काही लक्षात आलं नाही.

आता लांबी. हायवे १ दक्षिणेला डेना पॉइंटपाशी सुरू होतो आणि सुमारे ६५६ मैलांनी, म्हणजे साधारण १,०५५ किलोमीटरनंतर, लेगेट नावाच्या छोट्याशा गावात १०१ ला मिळून संपतो. तो कॅलिफोर्नियाच्या बाहेर जातच नाही. १०१ लॉस एंजेलिसहून निघून कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन अशी तीन राज्यं पार करतो, ऑलिंपिक द्वीपकल्पाला वळसा घालतो आणि टमवॉटरला संपतो. लांबी १,५०० मैलांहून जास्त. १९२६ साली या रस्त्याला हा क्रमांक मिळाला तेव्हा तो मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जात होता. पुढे दक्षिणेकडचा भाग इंटरस्टेट ५ या मोठ्या महामार्गात गेला.

गोंधळाचं एक कारण याच इतिहासात आहे. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या समुद्रकाठच्या रस्त्याला १९६४ पर्यंत 'पर्यायी १०१' असंच नाव होतं. त्या वर्षी राज्याने क्रमांक नव्याने लावले आणि तो १ झाला. दुसरं कारण असं की दोन्ही रस्ते मधेमधे एकच होतात. व्हेंचुराहून सांता बार्बरामार्गे गॅव्हिओटाकडे जाताना बहुतेक अंतर एकाच डांबरावरून कापलं जातं आणि खांबावर दोन्ही पाट्या असतात. गॅव्हिओटाच्या पुढे ते वेगळे होतात, पिस्मो बीचला पुन्हा भेटतात आणि सॅन लुईस ओबिस्पोला परत फुटतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरूनही दोघं एकत्रच जातात. म्हणजे प्रवाशाने पहिल्या दिवशी १०१ धरलेला असतो, शेजारी समुद्र दिसत असतो आणि तो निर्धास्त होतो. आमचं नेमकं हेच झालं. सॅन लुईस ओबिस्पोला १ साठी डावीकडे वळायचं असतं, गावातल्या साध्या सिग्नलवर. आणि १०१ रुंद, सरळ समोर घाटात चढत जातो. फोनने अर्थातच सरळ जायला सांगितलं.

नावांनीही घोळ वाढतो. 'पॅसिफिक कोस्ट हायवे' हे नाव लोक सरसकट सगळ्याला वापरतात, पण अधिकृतपणे ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हायवे १ च्या भागाचं. बिग सरमध्ये, म्हणजे मॉन्टरेच्या खालच्या डोंगराळ किनाऱ्यावर, त्याच रस्त्याला कॅब्रिलो हायवे म्हणतात आणि उत्तरेला शोअरलाइन हायवे. आणि कोणी नुसतं 'यूएस १' म्हणालं तर सांभाळा. तो रस्ता देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, अटलांटिकच्या बाजूला, मेनपासून फ्लोरिडातल्या की वेस्टपर्यंत.

किंग सिटीहून समुद्र फार लांब नाही, पण मधे सांता लुसिया डोंगररांग आहे. या रांगेतलं कोन पीक हे शिखर १,५७१ मीटर उंच आणि पाण्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर. इतका उभा डोंगर ओलांडायला एकच डांबरी रस्ता आहे, नासिमिएंटो-फर्ग्युसन. तो इतका अरुंद आणि वळणाचा आहे की मोटरहोमने त्या वाटेला जाऊच नये. १०१ वरून १ वर यायचं तर ते डोंगर सुरू होण्याआधी किंवा संपल्यावरच. दक्षिणेला पासो रोबल्सहून कॅम्ब्रियाकडे उतरणारा ४६ नंबरचा रस्ता मोठ्या गाडीला सोयीचा आहे, आणि उत्तरेला सॅलिनसहून मॉन्टरेला जाणारा ६८. आम्ही ६८ ने मॉन्टरेला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी हायवे १ वरून उलट्या दिशेने, दक्षिणेकडे, बिग सर बघायला गेलो.

या चुकीतून एक गोष्ट मात्र नीट कळली. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्या लेनला लागून असतो, आणि थांबायच्या जागाही बहुतेक त्याच हाताला. आमच्यासारखी २५ फुटी गाडी हळूच उजवीकडे घेतली की झालं. संध्याकाळी त्याच रस्त्याने उत्तरेकडे परतताना समुद्र पलीकडच्या लेनच्या पल्याड गेला. माझ्या खिडकीत दोन हातांवर डोंगराचा कडा, आणि डावीकडची मोकळी जागा दिसली तरी समोरच्या रहदारीतून एवढी गाडी आडवी घालायचा धीर आम्हाला झाला नाही. मॅकवे धबधबा सकाळीच बघून झाला होता म्हणून बरं. तिथे पाणी कड्यावरून खालच्या वाळूवर पडतं.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते, उत्तरेकडून दक्षिणेकडे या. शरद ऋतूत तर याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर सरत आला की वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर पावसाची वादळं यायला लागतात. कॅलिफोर्नियाचा किनारा मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात वर्षातला सगळ्यात स्वच्छ असतो. उन्हाळ्यात इथे खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं, त्यावर धुकं धरतं आणि तापलेला आतला प्रदेश ते धुकं किनाऱ्यावर ओढून घेतो. जुलैत बिग सरचा बिक्सबी पूल बघायला गेलेल्या कित्येकांना नुसता पांढरा पडदा दिसतो. शरदात ही ओढ कमी होते आणि आकाश उघडतं. सप्टेंबरात उत्तरेला सुरुवात करून पावसाच्या पुढे पुढे खाली सरकत राहिलात तर दोन्ही किनारे चांगल्या हवेत मिळतात.

बिग सरचा रस्ता १९३७ साली खुला झाला. जवळपास १८ वर्षं काम चाललं होतं आणि त्यात कैद्यांकडूनही काम करून घेतलं होतं. बिक्सबी पूल त्याआधीच, १९३२ मध्ये झाला. पुलापाशी मोटरहोम उभी करायचा हट्ट धरू नका. जागा चिंचोळी आहे आणि गर्दी कायमची.

या रस्त्याबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तो अधूनमधून बंद पडतो. डोंगर उभा, खडक भुसभुशीत आणि खाली लाटा. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला अख्खी डोंगरउतरण रस्त्यासकट समुद्रात गेली. त्या ढिगाऱ्यावरच नवा रस्ता बांधून २०१८ च्या जुलैत तो खुला केला. २०२१ मध्ये रॅट क्रीकला रस्त्याचा तुकडा वाहून गेला. २०२३ आणि २०२४ मध्ये आणखी दरडी आल्या. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या रस्ते खात्याची, म्हणजे कॅलट्रान्सची माहिती बघायलाच हवी. मधेच रस्ता बंद निघाला तर मोटरहोम वळवायला जागा शोधावी लागते आणि वर सांगितलेला ४६ किंवा ६८ गाठून सगळा डोंगर वळसा घालून यावं लागतं. अशा वेळी १०१ चं मोल कळतं. दिसायला साधा, पण पोचवणारा रस्ता. पेट्रोल पंप, किराणा, मैल्याची टाकी रिकामी करायची डम्प स्टेशनं, सगळं १०१ वर सहज सापडतं. बिग सरमध्ये पंप विरळ, फोनला रेंज नाही, आणि रात्री रस्त्याकडेला गाडी लावून झोपायला मनाई आहे. तिथल्या सरकारी कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. शरदात आठवड्याच्या मधल्या दिवशी जागा मिळायची शक्यता जास्त. मात्र किती फुटांची गाडी चालते, ते जागेगणिक वेगळं असतं. आरक्षण करतानाच ते बघा.

आणखी एक नियम दोन्ही रस्त्यांवर लागू आहे. कॅलिफोर्नियात दोन लेनच्या रस्त्यावर तुमच्यामागे पाच किंवा जास्त गाड्या अडकल्या तर बाजूला जागा मिळताच थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावंच लागतं. मी आरशात बघून मोजायची, "तीन... चार... अरे, पाच झाल्या," आणि नवरा पुढच्या मोकळ्या जागेत गाडी घ्यायचा. दिवसभरात अशी कितीदा तरी वेळ आली, आणि त्यातल्या बऱ्याच जागांवरून समुद्र छान दिसला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वर पुन्हा तोच प्रश्न येतो. इथे माझं मत स्पष्ट आहे: मेंडोसिनोपर्यंत १, पण त्याच्या पुढे विचार करून. रॉकपोर्टपाशी हायवे १ समुद्र सोडतो आणि वीसेक मैल जंगलातून वळणं घेत लेगेटला चढतो. आम्ही स्टीलच्या ताटल्यांमधे टॉवेल घातले होते, कपाटांच्या कड्या दोनदा तपासल्या होत्या, तरी तिसऱ्या-चौथ्या वळणाला मागे काहीतरी घरंगळलं आणि पुढचा तासभर ते इकडून तिकडे आपटत राहिलं. थांबायला जागाच नव्हती. लेगेटला उतरून बघितलं तर ती चहाची किटली होती, एका बाजूने पार चेपलेली.

रस्ता तिथे आत का वळतो याचं उत्तर पुन्हा डोंगरच. लेगेटच्या वर किंग रेंज समुद्रातून सरळ उभी राहते. रस्ता बांधणाऱ्यांनी तो किनारा सोडून दिला. म्हणून त्याला 'लॉस्ट कोस्ट' म्हणतात, आणि तिथे ना १ आहे ना १०१.

लेगेटच्या पुढे मात्र १०१ ची पाळी. जुन्या १०१ चा एक तुकडा, आता २५४ नंबरचा रस्ता, रेडवुडच्या झाडांमधून ३१ मैल जातो. 'ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स' म्हणतात तो हाच, आणि मोटरहोम त्यावरून आरामात जाते. युरेकाच्या वर १०१ समुद्राला भिडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑरिक गावाच्या कुरणांत रूझवेल्ट एल्क या मोठ्या हरणांच्या नरांचं माजाचं ओरडणं ऐकू येतं. पहाटे खिडकीची काच थोडी खाली केली तेव्हा ती लांबलचक शीळ ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. क्रेसंट सिटीच्या अलीकडे 'लास्ट चान्स ग्रेड'वर १०१ लाही दरडींचा त्रास आहे, कधीकधी एकच लेन चालू ठेवून गाड्या सोडतात. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आणि मग ऑरेगॉन. इथे हायवे १ नाहीच. १०१ च किनाऱ्याचा रस्ता, सुमारे ३६३ मैल, वाटेत न्यूपोर्टच्या याक्विना खाडीवरचा १९३६ चा कमानींचा पूल. १९६७ च्या कायद्याने इथल्या वाळूवर जायचा हक्क सगळ्यांना आहे, त्यामुळे समुद्र खाजगी कुंपणाआड जात नाही. फक्त शरदातल्या लाटांकडे पाठ करून उभं राहू नका. शांत वाटणाऱ्या पाण्यातून एखादी लाट अचानक खूप वर येते. उत्तर टोकाला ॲस्टोरियाहून १०१ कोलंबिया नदी ओलांडून वॉशिंग्टनमध्ये शिरतो, साडेसहा किलोमीटर लांबीच्या पुलावरून. १९६६ साली हा पूल झाला तेव्हा १०१ सलग झाला. त्याआधी इथे फेरीबोट होती. पलीकडे वॉशिंग्टनमध्ये तो पुन्हा बराचसा आतून जातो. कलालॉकच्या आसपास थोडा वेळ समुद्र भेटतो, तेवढाच.

फोनमध्ये रस्ता लावताना दोन शहरांची नावं टाकली की तो कॅलिफोर्नियात तुम्हाला १०१ नाहीतर इंटरस्टेट ५ देणार, कारण त्याला वेळ वाचवायचा असतो. दक्षिणेकडे येताना मॉन्टरेच्या खाली बिग सर, मग कॅम्ब्रिया, मग मोरो बे असे मधले थांबे एकेक करून घाला, म्हणजे तो १ सोडत नाही. आणि सॅन फ्रान्सिस्कोत शिरताना गोल्डन गेटचा टोल रोखीने घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो. भाड्याच्या गाडीला तो कसा लागतो, ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.