पेन्शन तेवढीच, भाडे मात्र दर वर्षी वाढते : पुण्यातील प्रश्नाची पार्श्वभूमी

पुण्याला पेन्शनरांचे शहर म्हणतात ते इंग्रजी आमदानीपासून. मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी केलेली माणसे निवृत्तीनंतर हवापाण्यासाठी इथे येऊन राहत. आज महिनाअखेरीला ज्यांची ओढाताण होते ते पेन्शनर बहुतांशी वेगळे आहेत. पिंपरी-चिंचवड, खडकी, हडपसरच्या कारखान्यांत पाळ्या करून निवृत्त झालेले कामगार, आणि नवऱ्यामागे त्याच्या निम्म्या पेन्शनीवर दिवस काढणाऱ्या बायका. सरकारी पेन्शनीवर महागाई भत्ता मिळतो. यांच्या पेन्शनीवर तो नाही, आणि सारी गोष्ट तिथून सुरू होते.

कारखान्यातल्यांची ही पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाली, म्हणून तिला ईपीएस-९५ (एम्प्लॉइज पेन्शन स्कीम) म्हणतात. त्याआधी १९७१ पासून होती ती फक्त कुटुंब पेन्शन. नव्या योजनेत मालकाच्या पीएफ वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात वळवले गेले आणि हिशेब असा ठरला: पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. मेख आहे ती या हिशेबात धरल्या जाणाऱ्या पगाराच्या मर्यादेत. सुरुवातीला ती ५,००० रुपये होती, जून २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. त्यामुळे २०१० च्या सुमारास निवृत्त झालेल्याच्या हाती शेवटचा पगार कितीही येत असला तरी हिशेब सर्वसाधारणपणे ६,५०० वरच झाला. १५ वर्षांचे होतात सुमारे १,३९३ रुपये. १९९५ च्या आधीच्या सेवेचे थोडे वर पडतात. तेव्हा जो आकडा बसला तो आजही तोच आहे. घासलेट, गॅस, डाळ, औषधे यांचे भाव मात्र थांबले नाहीत. २०१३ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती १,००० रुपये. पेन्शनरांच्या संघटना ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत आहेत. ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही: १५,००० पगारावर ३५ वर्षांची सेवा धरली तर योजनेचे स्वतःचे सूत्रच ७,५०० वर येते.

इतक्या कमी पैशात पुण्यात माणसे राहिली कशी, याचे उत्तर पेठांतल्या वाड्यांत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव पेठांत दोन खोल्यांचे बिऱ्हाड नाममात्र भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तरी जुन्या भाडेकरूचे भाडे सर्वसाधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही आणि त्याच्यामागे सोबत राहणाऱ्या घरच्यांचा हक्क टिकतो. सरकारी तिजोरीतून वृद्धांच्या घरभाड्याला हात देणारी योजना आपल्याकडे उभी राहिली नाही. तो भार कायद्याने घरमालकावर टाकला. आणि घरमालक तरी कोण? कित्येक वाड्यांत वरच्या मजल्यावर राहणारी, तेवढ्याच भाड्यावर अवलंबून असलेली म्हातारी विधवा. डागडुजीला पैसे येणार कुठून! डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठवलेली भाडी अवाजवी होत चालल्याचे म्हटले. पानशेतच्या पुराने, १२ जुलै १९६१ ला, नदीकाठचे वाडे आधीच नेले होते. उरलेले मोडकळीला आले आणि बिल्डरांकडे गेले.

वाडा सुटला की गाठ पडते ती अकरा महिन्यांच्या कराराशी. इथे भाड्याला कायद्याची मर्यादा नाही. दर नूतनीकरणाला वाढ, वर डिपॉझिट आणि एजंटचे कमिशन. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. नोकरीतला घरभाडे भत्ता किंवा कंपनीची खोली निवृत्तीच्या दिवशीच गेलेली असते.

हाताशी असलेली मदत अशी तुकड्यातुकड्यांची आहे. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. २०२३ मध्ये तिची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली. पण उत्पन्नाची अट वर्षानुवर्षे २१,००० रुपयांवर ठेवली गेली, म्हणजे महिना १,८०० पेन्शन घेणारा त्यातून बाहेर! आयकरात भाड्यावर महिना ५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, तीही जुन्या करप्रणालीत. कर भरण्याइतके उत्पन्नच नसलेल्याला तिचा उपयोग शून्य. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत निवाराही येतो. प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत देववू शकते. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकावरही ही जबाबदारी येते. लेकरांविरुद्ध अर्ज करायला मन धजत नाही हे खरे, तरी हक्क माहीत असावा. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर याची माहिती मिळते.

जुन्या वाड्यातल्या भाडेकरूला आज भाड्यापोटी रोख मदत मिळते ती बहुधा बिल्डरकडूनच, नवी इमारत उभी राहीपर्यंत. काम रखडले की अनेकदा तेही थांबते. म्हणून खोली रिकामी करण्याआधी भाड्याची रक्कम, वार्षिक वाढ, विलंब झाल्यास कोण किती देणार आणि नव्या इमारतीत मिळणारे क्षेत्रफळ, हे सारे नोंदणीकृत करारात लिहून घ्यावे.