गोळी, पॅच आणि बारा मिनिटं

माझी भाची इंग्लंडात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होण्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिथल्या रॉयल कॉलेजची 'एससीए' ही परीक्षा म्हणजे व्हिडिओ किंवा फोनवर बारा रुग्ण, प्रत्येकाला 12 मिनिटं, आणि रुग्णाच्या जागी अभिनय करणारी माणसं. सरावाला तिला एक रुग्ण हवी होती. "मावशी, तुझी पाळी गेलीये, तुला वाफा येतात, तूच बस." मला अभिनय करायची गरजच नव्हती.

मी लगेच रक्ततपासणी मागितली. ती नको म्हणाली. पंचेचाळिशीनंतर पाळी लांबतेय, अंगातून वाफा निघतायत, रात्री घामाने जाग येतेय, एवढ्यावर निदान होतं. या काळात एफएसएच या पाळीशी संबंधित हॉर्मोनचा आकडा आज चढा तर पुढच्या आठवड्यात उतरलेला, त्यामुळे एका तपासणीतून काही ठरत नाही.

मग मी ठरलेला प्रश्न टाकला: "हॉर्मोन घेतले की रक्ताच्या गुठळ्या होतात ना?"

ही धास्ती प्रामुख्याने 2002 मधली. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा एक भाग तेव्हा मध्येच थांबवला गेला, आणि जगभर बायकांनी हॉर्मोनच्या गोळ्या सोडल्या. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि इस्ट्रोजेन (पाळी जाताना शरीरात घटणारं हॉर्मोन) पोटातून, म्हणजे गोळीने, दिलं होतं, हे मथळ्यांत कुठून येणार?

'पोटातून' या शब्दातच खरी गंमत आहे. आतड्यातून शोषलेली जवळपास प्रत्येक गोष्ट आधी पोर्टल शिरेतून यकृतात जाते. जकात नाकाच म्हणा. यकृत बरंचसं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचं जोरकस रूप) तिथेच इस्ट्रोन या दुबळ्या रूपात बदलतं, म्हणून गोळीत 1 ते 2 मिलिग्रॅम घालावं लागतं. कातडीवर चिकटवायच्या पॅचमधून मात्र दिवसाला साधारण 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याने, काम भागतं. गोळीचा हा सगळा लोंढा यकृताच्या पेशींवर आदळतो. रक्त गोठवणारे बरेच घटक याच पेशी बनवतात, आणि इस्ट्रोजेनच्या माऱ्याने त्यांतले काही वाढतात. उलट गोठणं आवरणारं अँटिथ्रॉम्बिन घटतं, सक्रिय प्रोटीन-सीला रक्त जुमानेनासं होतं. पारडं गुठळीकडे झुकतं. पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन कातडीतून थेट शिरांत, तिथून हृदयात, मग सगळ्या अंगभर जातं; यकृताला वाट्याला येईल तेवढंच मिळतं. म्हणून नेहमीच्या मात्रेत पॅचने गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल तर पॅच सुचवतात तो यासाठीच.

(प्रोटीन-सी डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, जकात नाका तेवढा लक्षात ठेवा.)

स्तनाच्या कर्करोगाचा हिशोब वेगळा. तिथे पॅच लावून सुटका नाही. आणि 'हॉर्मोन बॅलन्स' करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती? त्यांत कोणतं हॉर्मोन, किती, कशाशी बॅलन्स, हे एकदा विचारून बघा. 'उष्णता झालीये, सब्जा खा' म्हणणाऱ्या काकू निदान पैसे तरी घेत नाहीत.

भाचीने हे यकृतपुराण मला सोप्या भाषेत, हातवारे करून, फार गोड सांगितलं. मीही रंगून उपप्रश्न विचारत बसले. इतक्यात गजर वाजला आणि तिने कपाळावर हात मारला. गर्भपिशवी आहे की काढलीये, हे विचारायचंच राहिलं होतं. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर वाढत जातं, त्यातून कर्करोगही होऊ शकतो. सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच.

"परत," ती म्हणाली. "आणि या वेळी यकृताबद्दल काही विचारू नकोस."